ज्ञानकोशातल्या दुव्यांवरून आधुनिक आशियाचा इतिहास कसा वाचावा

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या वाचनालयाच्या अभ्यासवर्गात आशियाई राजकारणावर बोलण्याची पाळी माझ्यावर आली होती. तयारी म्हणून आठवडाभर रोज रात्री मी विकिपीडिया आणि मराठी विश्वकोश उघडून बसलो, एका नोंदीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जात राहिलो, आणि भाषणात ठामपणे सांगून टाकले की १९५५ साली इंडोनेशियातील बांडुंग येथे नेहरू, इजिप्तचे नासर आणि युरोपातल्या युगोस्लाव्हियाचे टिटो यांनी अलिप्ततावादी चळवळीची स्थापना केली. मागच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "परिषद आशिया-आफ्रिकेची होती ना? मग टिटो तिथे कसे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. टिटो बांडुंगला नव्हतेच. चळवळीची पहिली शिखर परिषद सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला झाली. मी वाचलेल्या नोंदींत चूक नव्हती. बांडुंगच्या नोंदीतून अलिप्ततावादाच्या नोंदीत आणि तिथून टिटोंच्या नोंदीत जाताना मधली सहा वर्षे माझ्याच हातून सांडली होती.

दुवा निळ्या अक्षरांत दिसतो, पण तो किती वर्षे ओलांडतो आहे हे त्यावर लिहिलेले नसते. आधुनिक आशियाच्या बाबतीत हे फार महागात पडते, कारण विसाव्या शतकाच्या मध्यावर इथे देश, सीमा, राजधान्या आणि राजवटी इतक्या वेगाने बदलल्या की एकाच नावाखाली दहा वर्षांच्या अंतराने दोन निराळी राज्ये सापडतात. हा विषय नव्याने वाचायला घेणाऱ्यांसाठी मी माझी पद्धत इथे क्रमाने मांडतो आहे. उदाहरण मुद्दाम एकच घेतले आहे, बांडुंग परिषदेचे. त्यामुळे प्रत्येक पायरी तुम्हाला स्वतः करून पाहता येईल.

जवळ काय असावे

- दोनशे पानी वही. संगणकावरची टिपणे चालतात, पण वहीत मागे उलटून पाहणे सोपे जाते, आणि ते वारंवार करावे लागते.
- आशियाचे दोन राजकीय नकाशे: एक आजचा आणि एक १९५० च्या आसपासचा. दुसरा जुन्या शालेय नकाशासंग्रहात मिळतो. रद्दीच्या दुकानात मला तो वीस रुपयांना मिळाला.
- किमान दोन ज्ञानकोश. एक सतत बदलणारा, म्हणजे विकिपीडिया, आणि एक संपादकांनी पक्का केलेला, म्हणजे मराठी विश्वकोश, जो आता संकेतस्थळावरही वाचता येतो.
- ब्राउझरमध्ये एका वेळी जास्तीत जास्त चार टॅब उघडण्याचा नियम. हे साधन वाटणार नाही, पण सर्वांत उपयोगी हेच आहे.

विश्वकोशाविषयी एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा खंड पूर्ण व्हायला पुढचे शतक उजाडले. नोंदी अकारविल्ह्यांनी लावलेल्या असल्यामुळे एखादी नोंद किती जुनी आहे हे बरेचदा तिच्या आद्याक्षरावरून कळते. 'इ'कारात येणारी इंडोनेशियाची नोंद मुळात आरंभीच्या खंडातली आहे. १९७० च्या दशकात लिहिलेल्या मजकुरात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचा १९९८ मधला राजीनामा असणे शक्यच नाही. हा दोष नव्हे. उलट, १९७० च्या दशकातला जाणकार मराठी लेखक इंडोनेशियाकडे कसा पाहत होता, हे त्यातून फुकटात समजते. नोंद मुळात कधीची आणि पुढे तिच्यात भर पडली आहे का, एवढे मात्र पाहून घ्यावे.

१. आधी प्रश्न कागदावर उतरवा

"इंडोनेशियाचा इतिहास वाचायचा आहे" हा प्रश्न नाही, ही इच्छा आहे. प्रश्नात एक वर्ष हवे आणि कोणी काहीतरी केल्याचे क्रियापद हवे. माझा प्रश्न असा होता: १९४९ च्या अखेरीस ज्याला डच सत्तेकडून सार्वभौमत्व मिळाले, त्या इंडोनेशियाने १९५५ मध्ये एवढी मोठी परिषद आपल्याकडे का भरवली? वहीच्या पानाच्या माथ्यावर हे वाक्य लिहा आणि त्याखाली दिनांक टाका. प्रत्येक दुवा उघडण्यापूर्वी नजर या वाक्यावरून एकदा फिरली पाहिजे.

२. सुरुवात देशापासून नको, घटनेपासून करा

देशाची नोंद उघडली की ज्वालामुखी, निर्यात, लोकनृत्ये आणि फुटबॉल संघ हे सगळे अंगावर येते, आणि राजकीय इतिहासाच्या वाट्याला आलेले चार परिच्छेद शंभर वर्षे धावत पार करतात. त्यापेक्षा काही दिवसांत घडून गेलेली, अनेक देशांना एका खोलीत आणणारी घटना निवडावी. बांडुंग परिषद १८ ते २४ एप्रिल १९५५ अशी आठवडाभर चालली. १९५४ ची जिनिव्हा परिषद किंवा २७ जुलै १९५३ चा कोरियातील युद्धविराम हेही चांगले आरंभबिंदू आहेत.

शोधताना मराठी लेखनभेद ध्यानात ठेवा. बांडुंग, बांदुंग आणि बँडुंग अशी तिन्ही रूपे टाकून पाहा. सुकार्णो आणि सुकर्णो, जाकार्ता आणि जकार्ता हीसुद्धा. पहिल्या प्रयत्नात काही सापडले नाही म्हणून "मराठीत या विषयावर काहीच नाही" असा निष्कर्ष मीही काढला होता. नोंद होती, फक्त तिचे शुद्धलेखन माझ्यापेक्षा निराळे होते.

३. पहिल्या वाचनात एकही दुवा उघडू नका

नोंद शेवटपर्यंत वाचा आणि दुव्यांची नुसती यादी करा. मी तीन रकाने आखतो: माणसे, करार व घटना, प्रदेश. वाचून झाल्यावर प्रश्नाशी थेट संबंध असलेले पाचच दुवे निवडायचे आणि बाकीचे यादीतच राहू द्यायचे.

याच टप्प्यावर नोंदीतला एखादा आकडा स्वतः मोजून पाहण्याची सवय लावून घ्या. बांडुंगला २९ देश आले होते असे सगळीकडे लिहिलेले असते. यजमान पाच होते: इंडोनेशिया, भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन. निमंत्रणे गेली २५ देशांना. त्यांपैकी मध्य आफ्रिकी संघराज्याने नकार दिला. म्हणून चोवीस अधिक पाच. हे गणित घालताना यादीतली नावे एकेक करून वाचावी लागतात, आणि मग ध्यानात येते की त्यांत गोल्ड कोस्ट आहे, जो घाना म्हणून मार्च १९५७ मध्ये स्वतंत्र झाला, आणि सुदान आहे, ज्याचे स्वातंत्र्य १ जानेवारी १९५६ चे आहे. म्हणजे "२९ स्वतंत्र राष्ट्रांची परिषद" हे वाक्य, जे मी स्वतः त्या अभ्यासवर्गाच्या फलकावर लिहिले होते, तेही चूक. यादीत कोण नाही हेही मोजण्यासारखे आहे. दोन्ही व्हिएतनाम होते, पण दोन्ही कोरियांना बोलावलेले नव्हते. चीन होता, तैवान नव्हते. इस्रायल आणि दक्षिण आफ्रिका यांनाही निमंत्रण नव्हते.

४. दुवा ओलांडताना तारीख बरोबर न्या

सगळ्या लेखातली महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. एका चिठ्ठीवर "एप्रिल १९५५" असे ठळक लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवा. कोणताही दुवा उघडला की नोंदीचा आरंभ वाचत बसू नका. थेट त्या वर्षापाशी जा आणि विचारा, हा माणूस किंवा हा देश त्या महिन्यात नेमका काय होता?

नासर यांची नोंद उघडा. पहिल्याच ओळीत इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष असे येईल. पण एप्रिल १९५५ मध्ये ते पंतप्रधान होते, राष्ट्राध्यक्षपदावर ते जून १९५६ मध्ये निवडून आले, आणि सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण त्याच्याही पुढच्या महिन्यातले. बांडुंगला आलेले नासर हे सुवेझपूर्व नासर होते. सिहानूक यांना आपण कंबोडियाचे राजे म्हणून ओळखतो, परंतु त्यांनी मार्च १९५५ मध्येच वडिलांसाठी गादी सोडली होती, म्हणून ते परिषदेला राजपुत्र या नात्याने आले. ब्रह्मदेशाच्या दुव्यावरून आज म्यानमारची नोंद उघडते आणि पहिल्या पडद्यावरच लष्करी राजवट भेटते. १९५५ मध्ये मात्र तिथे ऊ नू यांचे निवडून आलेले सरकार होते आणि सेनापती ने विन यांचे बंड व्हायला सात वर्षे होती.

यजमान देशाचेही तेच. बांडुंग म्हटले की उद्घाटनाचे भाषण करणारे राष्ट्राध्यक्ष सुकार्णो डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांच्या नोंदीत 'मार्गदर्शित लोकशाही', म्हणजे सत्ता राष्ट्राध्यक्षाच्या हाती एकवटणारी त्यांची पुढच्या काळातली राजवट, हा शब्दप्रयोग लगेच सापडतो. नवखा वाचक मग समजून चालतो की परिषद एका एकाधिकारशाही राष्ट्राध्यक्षाने भरवली. वस्तुस्थिती अशी की तेव्हा इंडोनेशियात संसदीय पद्धत होती आणि सरकार पंतप्रधान अली सास्त्रोअमिजोयो यांच्या हाती होते. परिषदेची कल्पना त्यांनीच १९५४ मध्ये कोलंबो येथे पाच पंतप्रधानांच्या बैठकीत मांडली आणि डिसेंबरात बोगोरला तिचा तपशील ठरला. त्यांचे मंत्रिमंडळ १९५५ च्या ऑगस्टपर्यंत जाऊन दुसरे आलेही, आणि देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच सप्टेंबरात झाली. निवडणूक तोंडावर आलेले एक आघाडी सरकार म्हणून यजमानाकडे पाहिले की माझ्या मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच हाती लागते.

चीनच्या बाबतीत चिठ्ठीकडे दोनदा पाहा. एप्रिल १९५५ मध्ये बीजिंगच्या सरकारला संयुक्त राष्ट्रसंघात जागा नव्हती. ती तैवानमधल्या तैपेईच्या सरकारच्या ताब्यात होती आणि ऑक्टोबर १९७१ पर्यंत तशीच राहिली. तैवानच्या सामुद्रधुनीत सप्टेंबर १९५४ पासून तोफा चालू होत्या. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय परिषदेत एवढे मवाळ का बोलले आणि २३ एप्रिलला त्यांनी अमेरिकेशी वाटाघाटींची तयारी का जाहीर केली, हे या पार्श्वभूमीशिवाय कळत नाही.

आपल्या स्वतःच्या नकाशालाही हीच कसोटी लावावी. त्या महिन्यात महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते, मुंबई राज्य होते. गोवा पोर्तुगिजांकडे होता. आणि यजमानांपैकी पाकिस्तान म्हणजे ढाक्यासह पाकिस्तान.

५. नावांसाठी वेगळे पान राखा

या पानावर तीन रकाने असावेत: त्या काळचे नाव, आजचे नाव, बदलाचे वर्ष. सिलोन–श्रीलंका, १९७२. सायगाव–हो चि मिन्ह सिटी, १९७६. रंगून–यांगोन, १९८९. न्यू गिनीचा पश्चिम भाग हे सर्वांत अवघड उदाहरण: डच न्यू गिनी, मग पश्चिम इरियन, १९७३ पासून इरियन जया, पुढे पापुआ. प्रत्येक नाव वापरणाऱ्याची एक राजकीय भूमिका असते, त्यामुळे नोंदीत कोणते नाव निवडले आहे यावरूनही लेखकाचा कल कळतो.

व्यक्तिनामांत मराठी वाचक आडनाव शोधू लागतो आणि तिथे फसतो. चिनी नावात कुळाचे नाव आधी येते, म्हणून उल्लेख "चौ" असा करायचा, "एन-लाय" असा नव्हे. सुकार्णो यांचे नाव एवढेच. त्याला जोडायला आडनाव नाही. ऊ नू आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले ऊ थांट यांना मी बराच काळ एकाच घराण्यातले समजत होतो. 'ऊ' हे ब्रह्मी भाषेतले आदरार्थी संबोधन आहे, आपल्या 'श्री'सारखे.

इंडोनेशियन नावांच्या रोमन लेखनाची एक खुबी सांगतो. १९७२ च्या लेखनसुधारणेपूर्वी तिथे 'ज' हा उच्चार 'डी' आणि 'जे' ही दोन अक्षरे जोडून लिहीत, आणि एकटे 'जे' हे अक्षर 'य' या उच्चारासाठी असे. म्हणून पंतप्रधानांचे नाव इंग्रजी वर्तमानपत्रातल्या अक्षरांबरहुकूम वाचले तर "सास्त्रोअमिद्जोजो" असे होते. खरा उच्चार सास्त्रोअमिजोयो. जुन्या पुस्तकातले जोगजाकार्ता आणि आजचे योग्याकार्ता हे एकच शहर आहे. नाव उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून ठेवले की रोमन स्पेलिंग कितीही बदलो, तुमच्या वहीत ते एकाच जागी राहते.

६. एका घटनेच्या दोन तारखा मांडा

इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन १७ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी सुकार्णो आणि त्यांचे सहकारी हट्टा यांनी घोषणा केली. डचांनी सार्वभौमत्व हस्तांतरित केले २७ डिसेंबर १९४९ रोजी. मधली चार वर्षे युद्धाची आणि मोडलेल्या करारांची आहेत. नोंदीत यांपैकी एकच तारीख दिसली तर दुसरी शोधून शेजारी लिहा, कारण राजकारण या दोन तारखांमधल्या फटीतच असते.

ही चार वर्षे आपल्यालाही परकी नाहीत. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायाला उतरलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारले गेले आणि १० नोव्हेंबरला शहरावर मोठा हल्ला सुरू झाला. तो दिवस इंडोनेशियात आजही वीरदिन म्हणून पाळला जातो. जानेवारी १९४९ मध्ये इंडोनेशियाच्या प्रश्नावर दिल्लीत आशियाई परिषद भरली, तेव्हा त्या लढाईला चार वर्षेही झाली नव्हती.

कधीकधी घटनेचे नावच चुकीची तारीख सांगते. "३० सप्टेंबर चळवळ" या नावाने ओळखले जाणारे १९६५ मधले जकार्तातील बंड प्रत्यक्षात १ ऑक्टोबरच्या पहाटे झाले.

७. उलटे दुवे तपासा

विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर साधनांच्या यादीत "येथे काय जोडले आहे" असा एक पर्याय असतो. आपण वाचत असलेल्या पानाकडे कोणकोणती पाने बोट दाखवतात, याची यादी त्यातून मिळते. नवखे वाचक याकडे क्वचितच वळतात. मला मात्र बांडुंगच्या विषयातला सर्वांत विलक्षण धागा तिथेच मिळाला.

त्या यादीत एका विमानाचे नाव होते: 'काश्मीर प्रिन्सेस'. एअर इंडियाचे हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ११ एप्रिल १९५५ रोजी, परिषदेच्या आठवडाभर आधी, चिनी शिष्टमंडळातील लोकांना आणि काही पत्रकारांना घेऊन हाँगकाँगहून जकार्ताकडे निघाले. वाटेत बाँबस्फोट झाला आणि ते नातुना बेटांजवळ समुद्रात कोसळले. सोळा जण गेले, तिघे वाचले. चौ एन-लाय त्या विमानात बसलेच नव्हते. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांचा मृत्यू झाला. वाचलेल्या तीन कर्मचाऱ्यांची आडनावे दीक्षित, पाठक आणि कर्णिक. परिषदांच्या कोरड्या नोंदीत ही आडनावे वाचताना हात थबकतो, आणि थबकावाही. मात्र प्रश्न विसरू नका. या दुव्यावरून पुढे हाँगकाँगमधली ब्रिटिश चौकशी, विमानतळावरच्या एका सफाई कामगारावरचा संशय, त्याचे तैवानला पळून जाणे आणि भारतातर्फे तपासाला गेलेले रा. ना. काव अशी वाट फुटते. ही वाट थेट तैवानच्या सामुद्रधुनीच्या संघर्षाकडे नेते, म्हणून ती माझ्या पाच दुव्यांत बसली. काव यांच्या नोंदीतून पुढे भारतीय गुप्तचर खात्याच्या इतिहासात शिरलो असतो, तर रात्र गेली असती आणि बांडुंग मागे राहिले असते.

८. दुसऱ्या भाषेतली नोंद उघडा, भाषा येत नसली तरी

पानाच्या भाषासूचीतून त्याच विषयाचे इंडोनेशियन किंवा डच पान उघडा आणि यंत्रभाषांतर वापरा. सगळे वाचायचे नाही. शीर्षक, पहिला परिच्छेद आणि चित्रे एवढेच पाहायचे. १९४७ आणि १९४८ मधल्या दोन डच लष्करी मोहिमांना डच भाषेत "पोलीस कारवाई" म्हणत आले आहेत, तर इंडोनेशियन भाषेत त्यांचे नाव "लष्करी आक्रमण" असे आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला यात वेगळे समजावून सांगावे लागणार नाही; सप्टेंबर १९४८ मधल्या हैदराबादच्या घटनांना आपल्याकडे "पोलीस ॲक्शन" आणि "मुक्तिसंग्राम" अशी दोन्ही नावे वापरात आहेत, आणि कोण कुठले वापरतो यावरून पुष्कळ काही कळते. सैन्य वापरूनही कारवाईला पोलिसी का म्हणायचे, तर प्रश्न अंतर्गत आहे असे जगाला सांगता यावे म्हणून. हे एकदा उमगले की इतर नोंदींतही असे शब्द आपोआप टोचू लागतात.

९. वादग्रस्त पानावर आधी चर्चा आणि इतिहास पाहा

१९६५-६६ मधील इंडोनेशियातल्या कत्तली, तिबेट, पूर्व तिमोर अशा विषयांवरची पाने सतत बदलत असतात. "चर्चा" आणि "इतिहास पहा" या दोन टॅबवर पाच मिनिटे घालवली की भांडण कशावरून आहे ते कळते. मृतांचा आकडा कधीही एकेरी लिहू नका. त्या कत्तलींत पाच लाख ते दहा लाख माणसे मारली गेली असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. वहीत दोन्ही टोके लिहा आणि अंदाज कोणाचा तेही लिहा. कागदपत्रांच्या बाबतीतही सावध राहा. ११ मार्च १९६६ च्या ज्या आदेशाने सुहार्तोंच्या हाती सत्ता गेली असे सांगतात, त्याची मूळ प्रत सापडलेली नाही आणि एकाहून अधिक मजकूर प्रचलित आहेत. म्हणून "आदेशात असे म्हटले होते" हे वाक्य लिहिताना कोणत्या मजकुरात, हे नोंदवावे लागते.

पूर्व तिमोरच्या पानावर गोव्याच्या वाचकांनी विशेष थांबावे. दोन्हीकडे पोर्तुगालचीच सत्ता होती. १९७४ च्या लिस्बनमधील क्रांतीनंतर पोर्तुगालने त्या वर्षाच्या अखेरीस करार करून गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि पुढच्याच डिसेंबरात इंडोनेशियाचे सैन्य पूर्व तिमोरमध्ये घुसले. तिथले स्वातंत्र्य २० मे २००२ चे आहे.

१०. थांबायचे कधी

नवीन दुवा उघडल्यावर त्यातले निम्म्याहून अधिक दुवे तुमच्या यादीत आधीच असतील, तर वर्तुळ पूर्ण होत आले आहे असे समजावे. मग सगळे टॅब बंद करून, वहीसुद्धा मिटून, मूळ प्रश्नाचे उत्तर आठवणीतून दोन पानांत लिहून काढा. जिथे पेन अडखळेल तिथे कडेला खूण करा. पुन्हा ज्ञानकोश उघडायचा तो त्या खुणांपुरताच. माझ्या दोन पानांत अशा सात खुणा निघाल्या, त्यांतल्या पाच तारखांच्या होत्या.

पाच निवडलेल्या दुव्यांबाहेरची यादी फाडून टाकू नका. पुढचे प्रश्न तिच्यातूनच मिळतात. माझ्या यादीत तळाशी "अल्जीयर्स" असा एकच शब्द बरेच महिने पडून होता. दुसरी आशियाई-आफ्रिकी परिषद तिथे जून १९६५ मध्ये भरायची होती. तिच्या काही दिवस आधी, १९ जूनला, अल्जीरियात राष्ट्राध्यक्ष बेन बेला यांची सत्ता उलथली, परिषद पुढे ढकलली गेली आणि मग झालीच नाही. वहीचे नवे पान मी त्या तारखेने सुरू केले आहे आणि पडद्याच्या कडेची चिठ्ठी बदलून "जून १९६५" अशी लावली आहे.